सोमारीबाईची साक्ष

विनोदनं बोलेरो थेट अंगणात घातली आणि वाळत टाकलेल्या मोहफुलांच्या कडेवरून चाक नेलं. पडवीत उभ्या असलेल्या रंजीतानं आधी चाकाकडे पाहिलं, मग दिराकडे, आणि 'या' म्हणायच्या ऐवजी म्हणाली, "माय कुठीच जाणार नाई, भाऊजी."

"अवो वयनी, पाणी तं द्या!"

"पाणी देतो. जेवायलेबी वाढतो. माय जाणार नाई."

रंजीता अशीच. वीस वर्षांपूर्वी सून म्हणून या घरात आली तेव्हा मान वर करून बोलत नसे, असं तिची नणंद इतवारी अजून सांगते. पण सांगताना इतवारीलाच हसू येतं, कारण ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

विनोद आईला न्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, आणि त्याच संध्याकाळपासून चंद्रपुरात तीन दिवसांची मोठी सभा. बाहेरून आलेले पास्टर डोक्यावर हात ठेवतात आणि माणसं काठ्या टाकून चालायला लागतात, असं विनोदनं ऐकलं होतं. त्यांच्या माणसानं फोनवरच, सोमारीबाईला न बघता, निकाल दिला होता: हा मुका आत्मा आहे, काढावा लागेल. त्यासाठी शुक्रवारी सकाळीच निघायला हवं होतं.

मुका आत्मा! धानाची रोवणी आटपली त्याच आठवड्यात सोमारीबाईला लकवा मारला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. मेंदूची बोलायची बाजूच दुखावली आहे, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून तिन्ही लेकरांना समजावलं होतं. तिघांनीही माना डोलावल्या होत्या. पण डॉक्टरचं ऐकून घ्यायचं आणि मनात आपलंच ठेवायचं, ही या घराची जुनी खोड.

दुखण्यापेक्षाही घराला जाचत होता तो नियम. सोमारीबाईच्या नवऱ्यानं, पत्रूबाबांनी, धानोऱ्याच्या पुढच्या या गावात प्रार्थनाघर बांधलं तेव्हाच तो घालून दिला होता: साक्षीशिवाय भाकर नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असलं की ज्यानं त्यानं आपल्या जागी उठायचं, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं, आणि मगच तांदळाच्या भाकरीचा तुकडा आणि भिजवलेल्या मनुकांचा रस घ्यायचा. दुसऱ्यांच्या मागे मेंढरासारखं येऊन कोणी खाऊ नये, एवढाच त्यात बाबांचा हेतू. त्याच नियमामुळे या गावातल्या बायका पहिल्यांदा चारचौघांत बोलल्या. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण बोलायचं? सोमारीबाई. तिची साक्ष सुरू झाली की लोक मांडी बदलून बसत, आता वेळ लागणार म्हणून.

त्याच सोमारीबाईसमोरून आठ महिने भाकरीची थाळी पुढे जात होती. आणि थाळी धरणारा होता तिचा थोरला लेक, मंडळीचा पाळक अंकुश. पाळकानं आपल्या मायसाठी बापाचा नियम मोडला, असं कोणी म्हणायला नको, म्हणून तो पुढे जायचा. गुड फ्रायडेलाही प्रभुभोजन असे. उद्या नववी वेळ.

"उद्या मायले तिथी नेलं, ते बोलली, तं पुढच्या प्रभुभोजनाले आपल्या तोंडानं साक्ष देईल ना बिचारी," जेवणं झाल्यावर विनोद म्हणाला. सगळे पडवीत बसले होते. आत खाटेवर सोमारीबाई, दार उघडं. "मी काय तिच्या वाईटासाठी करून राह्यलो का?"

"वाईटासाठी कोण म्हणते, रे," इतवारी म्हणाली. ती सकाळच्या बसनं पोंभुर्ण्याहून आली होती आणि आल्यापासून धाकट्या भावाच्या बाजूनं होती. "माय बोलली पाह्यजे. तिचा आवाज ऐकून मले आठ महिने झाले. अन् रंजीता, तू काय करून राह्यली? दार लोटून दोघी मुक्या बसता म्हणे. एकीचं तोंड दुखण्यानं गेलं, दुसरीनं आपल्या हातानं शिवून घेतलं!"

"अन् दादा, मी आयकलं ते खरं का?" विनोद अंकुशकडे वळला. "उपकेंद्रातली रोशनी नर्स सांगे, वयनी विपश्यना करून राह्यल्या म्हणून. पाळकाच्या घरात?"

अंकुशनं बायकोकडे पाहिलं. हा प्रश्न त्यालाही विचारायचा होता, पण हिंमत झाली नव्हती.

"रोशनीची माय बसते तिच्या घरी. चांगलीच बसते," रंजीता म्हणाली. "रोशनीनं मले पाह्यलं अन् तिले आपली माय आठवली, म्हणून कौतुकानं बोलली ते. तिचं तिच्यापाशी. मी माह्या प्रभूपुढं बसतो."

"बसून काय म्हणता?"

"प्रभू, मी इथी आहो."

"अन् पुढं?"

"पुढं काईच नाई. मन पळालं का पुन्हा तेच. प्रभू, मी इथी आहो."

"पळते?" इतवारीनं न राहवून विचारलं.

"पळते म्हणजे! काल बकऱ्यांमांगं गेलं. तिथून पोरीच्या, निशाच्या होस्टेलात. तिथून पोंभुर्ण्याले तुमच्या घरी येऊन गेलं, बाई. तुमी पाणीबी नाई विचारलं."

इतवारी फिसकन हसली आणि मग, आपण कोणाच्या बाजूनं आहोत ते आठवून, पदर तोंडाला लावला.

विनोदला हसू आलं नाही. "हे शिकवलं कोणं?"

रंजीतानं सांगितलं. मिशनच्या दवाखान्यात ती सासूपाशी बावीस दिवस होती. तिथं प्रार्थना करायची ती या घराच्या रीतीनं, खाटेचा दांडा धरून, मोठ्यानं, घसा बसेपर्यंत. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून कंटाळली. एका पहाटे केरळकडची एक म्हातारी सिस्टर आली, तिच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि मोडक्या मराठीत विचारलं, "सांगून झालं सगळं?" रंजीता म्हणाली, झालं. "मग आता बस," सिस्टर म्हणाली, आणि स्वतः बसली. अर्धा तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रंजीताचे पाय मुंग्यांनी भरले, डोळा लागला, राग आला, पण सिस्टर काही बोलली नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी रंजीताला कळलं की आपण इतकी वर्षं देवाला एकदाही तोंड उघडू दिलं नव्हतं.

"ते लोक कॅथलिक. त्यांची रीत वेगळी," विनोद म्हणाला.

"प्रभू वेगळा हाय का?" रंजीता म्हणाली. "अन् भाऊजी, मोह वेचाले जातो तं आपण झाडाले हालवतो का? पाड रे पाड म्हणून बोंबलतो का त्याच्यावर? खालचा पाला झाडतो, जागा साफ करतो, अन् बसतो. फूल आपल्या वेळेनं पडते. तुमीच लहानपणी मायसंग बसत होते ना?"

विनोदला ते झाडाखालचं बसणं आठवलं. पण तो चंद्रपूरला शब्द देऊन आला होता. "हे सारं ठीक. पण मायचं काय? तुमी बसता तुमच्या मर्जीनं. ते पडून हाय बिचारी. ते प्रार्थना करते हे कशावरून?"

"बसून पाहा."

"म्हंजे?"

"एक घंटा," रंजीता उठून उभी राहिली. "तिघंबी या. मायच्या खाटेपाशी बसा. मोबाइल बाहेर. आमेन नाई, हालेलुया नाई, मांगणं नाई. घंट्यानं भाऊजी म्हणतील नेतो, तं मायची पिशवी मी सोता भरून गाडीत ठेवतो. मंग एक शब्द बोलणार नाई."

अंकुश दचकला. बायको शब्दाला किती पक्की आहे हे त्याला चांगलं माहीत होतं. "रंजीता, कायले असं बोलतं?"

"मले भेव नाई म्हणून," ती म्हणाली. हे खरं नव्हतं. पण दुसरा रस्ता तिला दिसत नव्हता, आणि ज्याच्यासमोर आठ महिने बसली त्याच्यावर आता एक तास तरी सोपवायला नको का?

चौघं आत गेले. खाटेच्या डाव्या अंगाला रंजीता आणि अंकुश, पायाशी विनोद, भिंतीला टेकून इतवारी. दुपारचे दोन वाजले होते.

पहिली दहा मिनिटं विनोदची गेली खिशात. खिसा रिकामा होता, तरी हात तिथंच. सभेच्या लोकांचा फोन आला असेल. गाडीत डिझेल किती? मग डोळे उघडले तर समोर आईच्या टाचा. भेगांना तेल लावलेलं होतं. कोण लावतं रोज? आपण आठ महिन्यांत पाच वेळा आलो, दर वेळी उशाशी उभे राहून मोठ्यानं प्रार्थना केली आणि अंधार पडायच्या आत निघालो. आईला हात लावला होता का? आठवेना. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून वहिनीचा रागही आला. त्यानं टाचेवर हात ठेवला. टाच गरम होती. त्यानं हात काढला नाही.

इतवारीचं सोपं होतं. ती पाच मिनिटं रडली, दहा मिनिटं सासरच्यांशी मनातल्या मनात भांडली, आणि मग झोपली. घोरलीसुद्धा. स्वतःच्याच घोरण्यानं जागी झाली तेव्हा कोणी हसलं नव्हतं, कोणी पाहिलं नव्हतं. या घरात आल्यावर एवढा वेळ आपल्याला कोणी काही काम सांगितलं नाही, असं तिला वाटलं, आणि ती पुन्हा रडली, पण या वेळी बरं वाटून.

अंकुशला मात्र तो तास जड गेला. शब्द हा त्याचा धंदाच. डोळे मिटले की वाक्यं आपोआप चालू व्हायची, एकामागून एक, तयार. तो ती थांबवायचा आणि बायकोचं वाक्य म्हणून पाहायचा. मी इथी आहो. लगेच मनात यायचं, कुठे आहेस? उद्या मंडळीला द्यायच्या संदेशात आहेस, लालसूभाऊ काय म्हणतील यात आहेस. लालसू मंडळीतला सगळ्यांत जुना माणूस, पत्रूबाबांबरोबर बाप्तिस्मा घेतलेला, नियमाचा राखणदार. वाक्यं सरली तेव्हा अंकुशला आपल्या आत इतकं रिकामं लागलं की तो घाबरला. वीस वर्षं लोकांसाठी प्रार्थना करणारा माणूस, आणि आपल्यापाशी माइकशिवाय काहीच नाही? थाळी पुढे नेताना आपण आईकडे पाहायचो नाही, थाळीकडे पाहायचो, हे त्याला आठवलं. आठही वेळा.

सोमारीबाई जागी होती.

शब्द कुठे गेले हे तिला समजत नव्हतं. पिठाच्या डब्यात हात घालावा आणि तळच लागावा, तसं व्हायचं. पहिले महिने ती चिडली होती, देवावरसुद्धा. येणारा जाणारा तिच्या तोंडाकडे आशेनं बघायचा आणि तिला वाटायचं, बापा, या लोकांना इथून हाकल. मग सून येऊन बसायला लागली. ती तोंडाकडे बघत नव्हती. ती काही मागतच नव्हती. तिच्याजवळ पडल्या पडल्या सोमारीबाईला हळूहळू कळलं की आपल्या आत अजून कोणीतरी आहे, जुन्या ओळखीचा, आणि त्याचं शब्दावाचून काही अडत नाही. तेव्हापासून ती त्या वेळेची वाट पाहायची. एकच गोष्ट तिला सलत होती. तो भाकरीचा तुकडा तिला हवा होता. फार हवा होता. थाळी पुढे गेली की तिला त्या रात्री झोप लागत नसे.

आज सगळी लेकरं खाटेभोवती होती आणि गप्प होती. असं कधी झालं होतं?

"हे स्वर्गीय बापा," अंकुश एकदम बोलायला लागला. त्याला सहन झालं नाही. "आम्ही तुझ्या चरणांशी आलो आहोत, या तुझ्या दासीवर कृपादृष्टी..."

सोमारीबाईचा डावा हात उठला. हळूहळू वर गेला, अंकुशची हनुवटी चाचपली आणि त्याच्या तोंडावर बसला. घट्ट. लहानपणी जेवताना तो बडबडायला लागला की ती ठेवायची तसाच.

अंकुश थांबला. आई त्याच्याकडे बघत होती. नजर अगदी स्वच्छ होती, आणि थोडी रागीटही. हात तसाच राहिला. मग बराच वेळ झाला, किती ते कोणी मोजलं नाही, आणि तिनं हात काढून आपल्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

"माय," अंकुश म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "आठ महिने मी तुह्या तोंडाकडे पाह्यलंच नाई, माय. मले तुही भीती वाटे."

बाहेर आल्यावर विनोद गाडीपाशी जाऊन उभा राहिला. रंजीता दारात उभी राहून वाट पाहू लागली. पिशवी खुंटीला होती. विनोदनं मोबाइल उचलला, पाच मिस्ड कॉल पाहिले, एक फोन लावला आणि "उद्या नाई जमत" एवढं बोलून ठेवून दिला.

"मले अजून पटलं नाई, वयनी," तो म्हणाला. "पण नेत नाई."

रंजीता उंबऱ्यावर बसली. पण बसल्या बसल्या तिनं नवऱ्याला गाठलंच. "अन् उद्या?"

"उद्याचं काय?"

"भाकर."

अंकुशनं डोळे पुसले. "नियम बाबाचा हाय. लालसूभाऊले मी काय सांगू? लोक म्हणतील..."

"ते तुमी पाहा, पाळक तुमी. मी माहं सांगतो. मायले नाई तं मलेबी नाई. थाळी माह्यासमोर थांबवूच नका."

"माह्यासमोरबी नको," इतवारी म्हणाली. सकाळची इतवारी आणि ही इतवारी एकच का, असं विनोदला वाटलं.

चपला घालून अंकुश शेताकडे गेला.

शुक्रवारी दुपारी प्रार्थनाघर भरलं. चाळीसेक माणसं होती, उकडत होतं. विनोदनं आईला दोन्ही हातांवर उचलून आणलं. "उचलाले माणूस तं लागेलच ना," तो रंजीताला म्हणाला, आणि आईला पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून स्वतः तिच्या पायाशी खाली बसला.

संदेश झाला. साक्षी सुरू झाल्या. झिंगूनं सांगितलं की ताप उतरला. खुशालनं सांगितलं की वाघ बैलाच्या जवळून गेला पण बैल वाचला, आणि वाघ केवढा होता हेही सांगितलं. लालसूनं दरवर्षीप्रमाणे आपल्या बाप्तिस्म्याचं सांगितलं. अंकुश थाळी घेऊन एकेकापाशी येत होता. त्याच्या शर्टाला माइक लावलेला होता.

सोमारीबाईपाशी तो आला. आता त्याचा पाय पुढे पडणार, असं रंजीताला वाटलं, आणि तिनं मनात तेच वाक्य धरलं, कारण दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

अंकुश थांबला. माइक काढला, बंद केला आणि खिशात घातला. आईच्या समोर उभा राहिला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. सोमारीबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले. डावा हात छातीवर गेला.

लोकांना वाटलं, पाळक काही बोलेल. तो बोलला नाही. कोणी खोकलं. कोणाचं पोर कुरकुरलं आणि मग गप्प झालं. मागच्या बायका माना उंच करून पाहू लागल्या, आणि पाहता पाहता बसल्या. आढ्याला पाल चुकचुकली ती सगळ्यांना ऐकू गेली. एवढं शांत हे प्रार्थनाघर बांधल्यापासून कधी झालं नव्हतं.

सोमारीबाईनं डोळे उघडले.

"अंकुश," लालसू बसल्या जागेवरून म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण माघारही नव्हती. "साक्ष?"

"झाली, लालसूभाऊ," अंकुश म्हणाला. "आठ महिने झाले, रोजच होऊन राह्यली. मलेच आयकू नाई आली."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, मनुकांच्या रसात बुडवून मऊ केला, आणि आईच्या तोंडात डाव्या बाजूनं, जिकडून तिला चावता येतं तिकडून, घातला. रंजीतानं पदरानं हनुवटीवरचा रस टिपला. लालसूनं एकदा मान हलवली आणि हात जोडले.

सोमारीबाईला गिळायला वेळ लागला. तेवढा वेळ सगळी मंडळी थांबली.